काही सांगता येत नाही

ऑफिसात तिला सगळे टेपताई म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, याच्या नादी ती कधी लागली नाही. मदतीच्या फोनवर बसणाऱ्या बाईचा आवाज दिवसभर एकाच पट्टीत राहावा लागतो, आणि तिचा राहायचा. संध्याकाळच्या शेवटच्या माणसाशीही ती सकाळच्या पहिल्या माणसासारखीच बोलायची, टेप लावल्यासारखी.

हे ऑफिस घरगुती वस्तूंच्या सुरक्षेचं. आपल्या वस्तूने कुणी भाजलं, कापलं, गुदमरलं, तर कंपनीने इथे कळवायचं असा कायदा होता. कायदा वाईट नव्हता, पण त्याला मागून एक शेपूट लावलेलं होतं. कंपनीने जे कळवलं ते ऑफिसने लोकांना सांगायचं नाही. सांगायचंच झालं, तर आधी मजकूर कंपनीला दाखवायचा, कंपनीने मान डोलवायची, आणि मान आडवी हलली तर पुढे वकील, पत्रं, सुनावण्या. तोवर आळीमिळी गुपचिळी. म्हणजे आग कुठे लागली आहे हे बंबवाल्याला ठाऊक, पण शेजाऱ्याला सांगायचं तर आधी आगीची परवानगी घ्यायची.

लोक फोन करायचे आणि विचारायचे, अमुक वस्तूची काही तक्रार आहे का हो? ताई वस्तूचं नाव संगणकावर टाकायची. नाव काळ्या अक्षरात आलं, तर तिने म्हणायचं, "या वस्तूबद्दल आमच्याकडे कोणतीही नोंद नाही." लाल अक्षरात आलं, तर म्हणायचं, "या वस्तूबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही." लाल नावाच्या पोटात काय आहे, ते तिलाही दिसत नसे. ही दोन वाक्यं ऑफिसच्या वकिलांनी घासूनपुसून तयार केली होती. सरकारी ऑफिस खोटं कसं बोलणार? नोंद असताना नाही म्हणणं म्हणजे खोटं. म्हणून दोन वाक्यं. विचारणारा एकदाच फोन करायचा, एकच वाक्य ऐकायचा, आणि सरकारी उत्तर म्हणून कपाळाला हात लावून फोन ठेवायचा. दुसरं वाक्यही आहे, हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि अशातच तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ भाजलं.

बाळ नुकतं पावलं टाकायला लागलं होतं. सर्दीने नाक चोंदलेलं, म्हणून धाकटीने खोलीत वाफेचं यंत्र लावलं. पाणी उकळून वाफ सोडणारं, टेबलावर ठेवायचं यंत्र. हल्ली लहान मूल असलेल्या घरात असतं तसंच. बाळाने वायर ओढली, यंत्र कलंडलं, झाकण निघालं आणि उकळतं पाणी बाळाच्या डाव्या हातावर आणि खांद्यावर आलं. खोक्यावर हसऱ्या आईचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरात छापलं होतं, 'कलंडलं तरी सांडणार नाही.'

ताई दवाखान्यात पोचली तेव्हा धाकटी बाकावर बसली होती. ती रडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"ताई, मी झाकण लावलं होतं गं. कट्ट वाजलं होतं."

हा 'कट्ट' तिच्या ओळखीचा होता. झाकण कट्ट आवाज येईपर्यंत फिरवा, मग ते पक्कं बसतं, असं त्या यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असायचं. तिला हे ठाऊक होतं, कारण फोनवर लोकांनी सांगितलं होतं. एक आजोबा होते, नातीचं नाव पुन्हा पुन्हा घेणारे. एक पाळणाघरवाली बाई होती. एक जण तर नुसताच भांडला होता. एकमेकांना न ओळखणारी ही माणसं, पण सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. कट्ट वाजलं होतं हो. आणि प्रत्येकाला ताईने त्याच पट्टीत सांगितलं होतं, या वस्तूबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही.

संध्याकाळी धाकटीच्या घरी जाऊन तिने गॅलरीच्या कोपऱ्यात फेकलेलं यंत्र उलटं करून पाहिलं. तळाशी नाव होतं, 'हळुवार'. तिला ऑफिसात जाऊन बघायची गरज नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी तिने नाव टाकलं. लालभडक.

साहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, बाळाची विचारपूस केली.

"साहेब, मी बाहेर कुणाला बोलणार नाही," ती म्हणाली. "फक्त बहिणीला सांगते. तुझ्या एकटीच्या हातून झालेलं नाही, एवढंच."

"ताई, हे 'एवढंच' नाही. कंपनीने विश्वासाने कळवलेलं असतं. आपण बाहेर बोललो तर उद्या कंपन्या कळवायच्याच बंद होतील. मग आपल्याला काहीच कळणार नाही."

"आता कळतंय, त्याचं आपण काय करतो?"

"विचाराधीन आहे."

"कधीपासून?"

साहेबांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते मऊ होऊन कपात पडलं. ते चमच्याने काढता काढता म्हणाले, "तुम्ही आपल्याच आहात म्हणून सांगतो. लोकांसाठी इशारा तयार आहे. आपण कंपनीला दाखवला. त्यांनी 'उकळतं पाणी' या शब्दांना हरकत घेतली. 'गरम पाणी' करा म्हणाले. आपण केलं. आता 'गरम' शब्दावर त्यांच्या वकिलांचा विचार चाललाय. 'कोमट'वर तडजोड होईल असं वाटतं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळाच्या खांद्याची कातडी सोलवटून निघाली होती, आणि इथे शहाणीसुरती माणसं पाणी कोमट करत बसली होती. कंपनीची अब्रू एवढी नाजूक, की तिला 'गरम' शब्दाचाही चटका बसतो. बाळाच्या कातडीची काळजी करणारा मात्र एकही वकील नाही. आणि हे सगळं बिस्किट खात, आवाज न चढवता. निदान कुणी आरडाओरडा तरी करायचा.

"नाव बाहेर गेलं तर नोकरी जाईल," साहेब हळूच म्हणाले. "वर खटला. तुमच्या एकटीच्या पगारावर घर चालतं, मला ठाऊक आहे. म्हणून सांगतो."

घरी जाताना बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या काचेत तिला 'हळुवार'ची खोकी दिसली. एकावर एक रचून मनोरा केला होता, आणि वर पाटी होती, थंडीनिमित्त खास सवलत. ती काचेपाशी उभी राहिली. आतून दुकानातला पोरगा हसून या या म्हणत होता. ती तशीच पुढे निघून गेली आणि घर येईपर्यंत स्वतःला शिव्या देत राहिली.

इकडे धाकटीच्या घरात खापर कुणावर फोडायचं हे एव्हाना ठरलं होतं. धाकटीच्या सासूबाई करारी. ताई त्यांना विहीणबाई म्हणायची, कारण आई गेल्यापासून आईचा मान तिच्याकडेच आला होता. विहीणबाई तोंडावर बोलायच्या आणि मग पाठीमागेही तेच बोलायच्या, हा त्यांचा प्रामाणिकपणा. त्यांनी बाळ आपल्या खोलीत झोपवायला घेतलं. दूध त्या पाजायच्या, औषध त्या द्यायच्या. धाकटीने बाळाला उचललं की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. जावई, म्हणजे धाकटीचा नवरा, मुळात कमी बोलणारा. आता तर त्याने तोंडात मिठाची गुळणीच धरली होती.

पण या सगळ्यापेक्षा ताईला भीती वाटली ती धाकटीची. ती गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा बघायची. डब्याचं झाकण लावायची, उघडायची, परत लावायची. ताई भेटायला गेली तेव्हा ती पाण्याच्या बाटलीचं बूच कानाशी धरून फिरवत होती.

"ताई, मला खरंच ऐकू आलं होतं का गं?" ती म्हणाली. "का मलाच तसं वाटलं? सगळे म्हणतात, वाजलं असतं तर निघालं कसं असतं. बरोबरच आहे ना त्यांचं."

"तुला ऐकू आलं होतं."

"तुला काय ठाऊक? तू थोडीच तिथे होतीस?"

ताईने तिच्या हातातलं बूच काढून घेतलं आणि बाटलीला लावलं. दिवसभर लोकांशी बोलून पोट भरणारी बाई, आणि घरच्या माणसाला द्यायला तिच्याकडे एक शब्द नव्हता.

मग रविवारी बोलावणं आलं. धाकटीच्या परगावी राहणाऱ्या नणंदेकडे बाळाला ठेवायचं ठरत होतं. किती दिवस, तर काही दिवस. हे 'काही दिवस' कसे असतात ते ताईला चांगलंच ठाऊक होतं. ती वाटेत मनाशी पक्कं करून गेली. नोकरी गेली चुलीत. जाऊन सरळ सांगायचं, लाल आहे म्हणून. पुढचं पुढे.

बैठकीच्या खोलीत विहीणबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याच्या हाताला अजून पट्टी होती, आणि दुसऱ्या हाताने ते त्यांच्या चष्म्याची दांडी ओढत होतं. जावई खिडकीशी उभा होता. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात, ना आत ना बाहेर. कोपऱ्यात बाळाच्या कपड्यांची बॅग भरून ठेवलेली.

"विहीणबाई, मला थोडं बोलायचंय," ताई म्हणाली. "त्या यंत्राबद्दल."

"आता यंत्रावर ढकलणार का?" विहीणबाई म्हणाल्या. "बहिणीची बाजू घेणारच तुम्ही, त्यात काही चूक नाही. मीही घेतली असती. पण वस्तू वाईट असती तर बाजारात राहिली असती का? आणि तुम्ही तर त्याच ऑफिसात बसता. वाईट असती तर तुम्हाला आधी कळलं नसतं?"

"तेच सांगायला..."

"थांबा. माझं होऊ द्या. तुमच्या ऑफिसला म्हणे सगळ्या वस्तूंची खबर असते. मग सांगा ना, हा आमचा पंखा." त्यांनी हनुवटीने छताकडे दाखवलं आणि कंपनीचं नाव घेतलं. "हा पडणार आहे का कुणाच्या डोक्यात?"

तो टोमणा होता, उत्तर कुणी मागितलं नव्हतं. पण वर्षानुवर्षांची सवय. वस्तूचं नाव कानावर पडलं की टेप आपोआप सुरू व्हायची. अशा घरोघरच्या वस्तूंबद्दल लोक रोज विचारायचे, कुठलं नाव काळं आणि कुठलं लाल हे तिला पाठ होतं.

"या वस्तूबद्दल आमच्याकडे कोणतीही नोंद नाही," ताई म्हणाली.

जावयाला हसू आलं. विहीणबाईंनाही गंमत वाटली असावी.

"अगंबाई, अशा बोलता का फोनवर? बरं, मिक्सर?" त्यांनी मिक्सरचं नाव सांगितलं.

"या वस्तूबद्दल आमच्याकडे कोणतीही नोंद नाही."

"इस्त्री?"

"या वस्तूबद्दल आमच्याकडे कोणतीही नोंद नाही."

"बघा. सगळं ठीक आहे. माणूसच धड नसलं तर वस्तू काय करणार." विहीणबाईंनी बाळाच्या मुठीतून चष्मा सोडवला. "आणि तुमचं ते हळुवार?"

ताईने तोंड उघडलं ते सगळं सांगून टाकायला. पण बाहेर पडलं ते टेपमधलंच, त्याच पट्टीत, त्याच वेगात.

"या वस्तूबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही."

बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. एवढी वर्षं ती ही दोन वाक्यं म्हणत आली होती, पण एकाच माणसासमोर एकापाठोपाठ कधी म्हटली नव्हती.

विहीणबाईंचा हात चष्म्यावरच थांबला. "काय म्हणालात?"

"या वस्तूबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही."

"पंख्याचं सांगता आलं."

"हो."

"इस्त्रीचं आलं, मिक्सरचं आलं. मग याचंच काय घोडं अडलं?"

"विहीणबाई," ताई सावकाश म्हणाली, आणि या वेळी टेप लावून नाही, एकेक शब्द निवडून, "या वस्तूबद्दल मला काही सांगता येत नाही. मला सांगायला बंदी आहे."

विहीणबाईंनी उभा जन्म बाजारहाट केला होता. फळवाला सफरचंद गोड आहे म्हणतो, चिकू गोड आहे म्हणतो, आणि पेरूबद्दल विचारलं की गिऱ्हाइकाकडे न बघता पिशवी झटकायला लागतो, तेव्हा पेरू घ्यायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"म्हणजे तुमच्याकडे आलेलं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या आधी."

ताई गप्प बसली. ती नोकरीत आल्यापासून प्रथमच तिच्या गप्प बसण्याचा कुणाला तरी उपयोग होत होता.

"कुणाकुणाची पोरं भाजली, ते यांना ठाऊक. आणि आम्ही दुकानात जाऊन रोख पैसे मोजून ते घरात आणायचं." विहीणबाईंचा आवाज चढत गेला. "आणि मी या पोरीला..."

वाक्य अर्धंच राहिलं. माफी मागणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. धाकटी चौकटीला धरून उभी होती आणि आता मात्र घळाघळा रडत होती.

"अशी उभी काय राहिलीस," विहीणबाई म्हणाल्या. "धर याला. माझे पाय अवघडले." आणि बाळ तिच्या हातात गेल्यावर, पदर सारखा करत, कुणाकडेच न बघता त्यांनी विचारलं, "कट्ट वाजलं होतं म्हणालीस ना?"

"हो, आई."

"वाजलं असेल तर वाजलं असेल." त्या जावयाकडे वळल्या. "ती बॅग उचल तिथून. पायात येते आहे."

पुढचं सगळं विहीणबाईंनी केलं. त्यांच्या ओळखी अफाट होत्या, आणि गप्प बसणं हा त्यांचा प्रांत नव्हता. ऑफिसला फोन करा, आधी आपल्या पंख्याचं विचारा, मग हळुवारचं विचारा, आणि काय ऐकू येतं ते सांगा मला. हा निरोप या घरून त्या घरी गेला. पाळणाघरात गेला, दवाखान्याच्या बाकांवर गेला. त्या आठवड्यात ताईचा फोन खाली राहिला नाही. लोक पंखा विचारायचे, हळुवार विचारायचे, आणि दुसरं वाक्य ऐकून धन्यवाद म्हणायचे. काही जण तर हसून म्हणायचे. दुकानाच्या काचेतला मनोरा जिथल्या तिथे राहिला, त्यातलं एक खोकं हलेना.

साहेबांनी तिला बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

"कंपनीची तक्रार आली आहे. तुम्ही कुणाला काही बोललात?"

"ऑफिसने दिलेली वाक्यं बोलले, साहेब. शब्दाला शब्द. सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, ऐकून घ्या."

साहेबांनी ऐकलं होतं. म्हणून तर ते इतके चिडले होते. मूल भाजल्याचं कळलं तेव्हा जे ऑफिस महिनोन्महिने विचाराधीन होतं, ते कंपनीला चटका बसल्याबरोबर दोन दिवसांत जागं झालं. वकील बसले, आणि नवा हुकूम निघाला. आजपासून एकच वाक्य. वस्तू कोणतीही असो, काळी असो की लाल, सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं, या वस्तूबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही. चार दिवसांत पंख्यांची कंपनी नाक फुगवून आली. आमच्या चांगल्या पंख्याबद्दल काही सांगता येत नाही म्हणजे काय, आमची बदनामी करता का? त्यांना चहा मिळाला. लोकांना मात्र आता काहीच मिळणार नव्हतं, आणि 'कोमट' शब्दावर अजून विचार चालू होता.

त्या दुपारी एक फोन आला. पुरुषाचा आवाज, तरुण, थकलेला.

"मॅडम, वाफेचं यंत्र आहे, हळुवार. मुलगी भाजली माझी. याची आधी कुणाची तक्रार आहे का?"

ताईने काचेपलीकडे पाहिलं. साहेब आपल्या खोलीतून तिच्याकडेच बघत होते. नव्या वाक्याचा कागद समोर चिकटवलेला होता.

"या वस्तूबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "घरचे सगळे म्हणतात, माझ्या बायकोनेच झाकण नीट लावलं नाही. ती म्हणते लावलं होतं. कट्ट वाजलं होतं म्हणते. आता मलाही कळेनासं झालंय, कुणाचं खरं मानायचं. बरं, ठेवतो."

"थांबा," ताई म्हणाली.

ती रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे थोडी झुकली, म्हणजे एकही अक्षर खाली पडायला नको.

"वस्तूबद्दल मला बोलायला बंदी आहे. तुमच्या बायकोबद्दल नाही. ती खरं बोलते आहे. घरी जा आणि तिला तसं सांगा."